गाडीत राहिलेले जॅकेट

पोलिसांवर गोळीबार झाला आणि कुणी जवान गेला, की दुसऱ्या दिवशी हमखास विचारले जाते: बुलेटप्रूफ जॅकेट कुठल्या दर्जाचे होते? प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी विचारायला हवे की जॅकेट अंगावर होते का, आणि नसेल तर का नव्हते. शीघ्र कृती दलांसाठी चिलखत आणि सामान वाहण्याचा साज घेताना आपल्याकडे सगळी चर्चा दर्जाभोवती फिरते. निविदेत सर्वांत वरची पातळी लिहिली, सर्वांत कमी दर आला, माल स्टोअरमध्ये उतरला, की विषय संपला. मग तेच अकरा किलोचे जॅकेट मे महिन्याच्या बंदोबस्तात गाडीच्या मागच्या सीटवर पडून राहते.

चिलखताच्या खरेदीची सुरुवात समोरच्या हत्यारापासून, कामाच्या तासांपासून आणि घालणाऱ्याच्या छातीच्या मापापासून व्हायला हवी. पातळीचा आकडा त्यातून आपोआप निघतो. आणि माल पसंत की नापसंत हे ज्याला तो अंगावर चढवायचा आहे त्याने सांगावे.

आधी पातळीचे बघू. 2018 साली भारतीय मानक ब्यूरोचे आयएस 17051 हे मानक आले आणि पहिल्यांदाच देशी खरेदीला एक समान मोजपट्टी मिळाली. त्यात सहा पातळ्या आहेत. खालच्या पातळीत पिस्तुलाची गोळी, मधल्या पातळ्यांत रायफलींच्या गोळ्या, आणि सहाव्या पातळीत 7.62×54 आर या मापाची (गोळीचा व्यास आणि काडतुसाच्या नळीची लांबी, मिलिमीटरमध्ये) चिलखतभेदी, आग लावणारी गोळी. ही गोळी द्रागुनोव्हसारख्या स्नायपर रायफलीत आणि पीकेएमसारख्या मशीनगनमध्ये चालते. सहावी पातळी ऐकायला छान वाटते. समितीच्या बैठकीत कुणी ‘एवढी कशाला?’ म्हणायला धजत नाही, कारण लगेच उत्तर येते: जवानाच्या जिवाची किंमत करता का? या वाक्यापुढे सगळे गप्प बसतात. खरी चूक तिथेच होते.

हिशेब मांडून पाहू. डीआरडीओच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने 2024 मध्ये सहाव्या पातळीसाठी जी प्लेट, म्हणजे जॅकेटात सरकवायची कडक फळी, जाहीर केली, ती देशात या पातळीची सर्वांत हलकी म्हणून सांगितली गेली. स्वतंत्रपणे वापरायच्या प्लेटचे वजन दर चौरस मीटरला 43 किलोच्या आत. नेहमीची 25 बाय 30 सेंटिमीटरची प्लेट धरली, तर एकीचे वजन 3.2 किलोच्या आसपास. पुढची आणि मागची मिळून 6.4 किलो. दोन्ही कुशींना 15 बाय 15 च्या छोट्या प्लेटा घातल्या तर आणखी जवळजवळ 2 किलो. कॅरिअर, म्हणजे प्लेटा बसवायचे कापडी जॅकेट, आणि आतले मऊ पॅनेल, म्हणजे पिस्तुलाची गोळी अडवणारे धाग्यांचे थर, मिळून 3 किलो. म्हणजे देशातल्या सर्वांत हलक्या प्लेटा घेऊनही जॅकेट सव्वाअकरा किलोच्या पुढे गेले. त्यावर हेल्मेट दीड किलो. एके रायफलीचे भरलेले पोलादी मॅगझिन साधारण 820 ग्रॅम, अशी सहा घेतली तर 4.9 किलो. पिस्तूल होल्स्टरसह सव्वा किलो, वॉकीटॉकी अर्धा किलो, पाणी दीड लिटर, प्रथमोपचाराचा पाउच पाऊण किलो, आणि हातात पावणेचार-चार किलोची रायफल. बेरीज साडेपंचवीस किलोपर्यंत जाते. 65 किलोच्या शिपायाने स्वतःच्या वजनाच्या चाळीस टक्के ओझे घेऊन गिरणगावातल्या चाळीचा जिना चढायचा, वर दार फोडायचे आणि श्वास न हलता नेम धरायचा.

आता दुसरा हिशेब. समोर एके-47 ची साधी, सौम्य पोलादी गाभ्याची गोळी गृहीत धरली तर प्लेट सुमारे 2 किलोत मिळते. कुशीच्या प्लेटा काढल्या, मॅगझिन सहाऐवजी चार घेतली, पाणी एक लिटर घेतले. तीच बेरीज 19 किलोवर येते. साडेसहा किलो कमी झाले. हे साडेसहा किलो म्हणजे तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर हात थरथरतो की नाही, आणि चौथ्या तासाला जॅकेट अंगावर असते की काढून ठेवलेले, यातला फरक.

याचा अर्थ हलके तेच चांगले असा मुळीच नाही. दल कोणते, काम कोणते, यावर ते ठरते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईत पोलिसांच्या हातात काठ्या आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या आणि समोर एके-47. अशा हल्ल्यासाठी उभ्या केलेल्या फोर्स वनसारख्या दलाचे काम कमी वेळाचे, इमारतीच्या आतले आणि फार जवळून गोळीबाराचे असते. तिथे जड प्लेटा, कुशीचे संरक्षण, ढाल हे सगळे लागते आणि तासाभरासाठी ते पेलवते. 31 डिसेंबर 2017 ला पुलवामात लेथपोरा इथे सीआरपीएफच्या तळावर हल्ला झाला, त्यात कडक पोलादी गाभ्याच्या गोळ्या वापरल्याचे समोर आले. नेहमीच्या चिलखतातून आरपार जाणाऱ्या या गोळ्या. ज्या दलाला अशा हल्ल्याला तोंड द्यायचे आहे त्याने वरची पातळी मागितलीच पाहिजे.

पण तोच निकष गडचिरोलीच्या सी-60 ला लावता येत नाही. माओवाद्यांशी लढायला 1990 मध्ये स्थानिक पोरांना घेऊन उभे केलेले हे पथक जंगलात पायी चालते, कधी सलग काही दिवस. तांदूळ, पाणी, प्लास्टिकची ताडपत्री, दारूगोळा सगळे पाठीवर. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे. तिथे साडेअकरा किलोचे जॅकेट घालून चाललेला माणूस चकमकीआधीच उष्माघाताने पडेल. समोरची हत्यारे पाहिली तर त्यांत वर्षानुवर्षे पोलिसांकडूनच लुटलेल्या एसएलआर आणि इन्सास रायफली असतात, म्हणजे 7.62×51 आणि 5.56 मिलिमीटरच्या गोळ्या. त्या दोन्ही गोळ्यांवर प्रत्यक्ष तपासलेली, फक्त पुढे-मागे लावायची, शक्य तितकी हलकी प्लेट हे तिथले उत्तर. आणि 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने गाडी उडवली तेव्हा पंधरा जवान आणि चालक गेले. त्या स्फोटापुढे कुठल्याही पातळीचे जॅकेट निरुपयोगी होते. भूसुरुंगाचे उत्तर रस्त्याच्या तपासणीत आणि गाडी टाळून पायी जाण्यात आहे. दर घटनेनंतर ‘चांगली जॅकेटे द्या’ म्हणून ओरड करताना एवढा फरक तरी आपण करायला हवा.

5.56 च्या गोळीवर जरा थांबू, कारण इथे खरेदी करणारे वारंवार फसतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेचे एनआयजे 0101.06 हे जुने मानक आपल्याकडे अजून दरपत्रकांत दिसते. त्यातली तिसरी पातळी 7.62×51 च्या शिसे भरलेल्या गोळीवर तपासली जाते, सेकंदाला 847 मीटर वेगाने. निव्वळ पॉलिएथिलिनची (प्लास्टिकच्या मजबूत धाग्यांची), हलकी, पाण्यात तरंगणारी प्लेट ही परीक्षा आरामात पास होते. तीच प्लेट टोकाशी पोलादी गाभा असलेल्या, आकाराने लहान पण वेगवान 5.56 च्या गोळीपुढे फुटू शकते. कागदावर मोठी गोळी अडली म्हणून लहानही अडेल, असा तर्क इथे चालत नाही. पॉलिएथिलिन शिशाची गोळी पसरवून अडवते, पोलादाचे टोक मात्र धागे कापत घुसते. त्यासाठी पुढे सिरॅमिकचा थर लागतो, जो टोक मोडतो. ही फट बुजवायला नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या 0101.07 या नव्या मानकात रायफलीच्या तीन वेगळ्या पातळ्या केल्या आहेत. तेव्हा निविदेत ‘लेव्हल थ्री’ एवढेच लिहू नये. गोळीचे नाव, गाभा कशाचा, वेग किती, एका प्लेटवर किती गोळ्या, हे चारही लिहावे.

आणखी एक सापळा. काही प्लेटा स्वतंत्र असतात आणि काही मऊ पॅनेलच्या सोबतीनेच पास झालेल्या असतात. दुसऱ्या प्रकारची प्लेट हलकी आणि स्वस्त पडते, पण तिच्यामागे तेच मऊ पॅनेल हवे ज्याच्यासोबत तिची चाचणी झाली. होते असे की प्लेटा एका वर्षी एका पुरवठादाराकडून येतात, कॅरिअर दुसऱ्या वर्षी दुसऱ्याकडून. नव्या कॅरिअरमध्ये मागे मऊ पॅनेल नाही, किंवा आहे पण फक्त फोमची गादी. बाहेरून जॅकेट तसेच दिसते. आत मात्र अर्धेच चिलखत असते आणि घालणाऱ्याला ते माहीतही नसते.

प्रयोगशाळेत चाचणी होते कशी, हेही ठरवणाऱ्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावे. जॅकेट एका चौकटीत भरलेल्या, विशिष्ट तापमानाला मऊ केलेल्या मातीवर बांधतात. आपल्या शाडूसारखीच, पण तेलकट. गोळी मारतात, जॅकेट काढतात आणि मागे मातीत पडलेला खड्डा मोजतात. एनआयजेच्या मानकात हा खड्डा 44 मिलिमीटरपर्यंत चालतो. गोळी अडली तरी मागे चार सेंटिमीटरहून खोल दणका बसू शकतो आणि त्याने बरगड्या मोडू शकतात, फुप्फुसाला इजा होऊ शकते. आणि गोळ्या कुठे मारतात? 0101.06 मध्ये कडेपासून किमान 51 मिलिमीटर आत. म्हणजे 25 बाय 30 च्या प्लेटवर चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर सोडले, तर उरतो 15 बाय 20 चा चौकोन. 750 चौरस सेंटिमीटरांपैकी 300. उरलेल्या भागात गोळी अडणारच नाही असे नव्हे, पण ती अडते हे कुणी तपासलेले नाही. म्हणून प्लेट छातीवर नेमकी कुठे बसते हे तिच्या पातळीइतकेच महत्त्वाचे ठरते.

ती बसवायची कशी ते नीट पाहण्यासारखे आहे. दोन्ही कॉलरबोनच्या मध्ये गळ्याखाली खळगा असतो. प्लेटची वरची कड त्या खळग्याला टेकायला हवी. तिथून खाली हृदय आणि त्याच्या वरच्या मोठ्या रक्तवाहिन्या येतात. खालची कड बेंबीच्या दोन-तीन बोटे वर. मागची प्लेट मानेच्या मुळाशी जो मणका बोटाला उंच लागतो त्याच्या साधारण एक इंच खाली सुरू व्हावी. रस्त्यावरच्या बंदोबस्तात नजर टाकली तर अनेकांच्या प्लेटा पोटावर आलेल्या दिसतात. खांद्याचे पट्टे ढिले असतात, कारण घट्ट केले की वाकताना गळ्याला टोचते. प्लेट पोटावर आली की आतडी झाकली जातात आणि हृदयाचा वरचा भाग उघडा पडतो. यात घालणाऱ्याचा दोष कमी आणि मापाचा जास्त. लष्करी पद्धतीच्या प्लेटांची लहान, मध्यम आणि मोठी मापे साधारण 22 बाय 30, 24 बाय 32 आणि 26 बाय 34 सेंटिमीटर अशी आहेत. आपल्याकडे मात्र ‘फ्री साइज’ येते. कमरेचा वेल्क्रोचा पट्टा आवळता येतो, प्लेट आवळता येत नाही.

महाराष्ट्रात पोलीस भरतीला पुरुषांसाठी किमान उंची 165 सेंटिमीटर आहे, महिलांसाठी 155. या दोघांना एकच प्लेट दिली की काय होते? 155 सेंटिमीटर उंचीची महिला शिपाई बोलेरोत बसते तेव्हा प्लेटची खालची कड मांडीला लागते, प्लेट वर सरकते आणि तिची वरची कड हनुवटीखाली येते. मान खाली करता येत नाही, म्हणजे रायफलीच्या साइटमधून पाहता येत नाही. सपाट मऊ पॅनेल छातीवर बसत नाही, काखेशी फट राहते आणि गोळी शिरायला तीच जागा मोकळी असते. महिलांसाठी वेगळ्या बेताची मऊ पॅनेल बनतात. ती मागवायची असतात, एवढेच. 24 जणांच्या तुकडीसाठी मागणीपत्र पाठवताना 24 मापे पाठवावीत: उंची, छाती, कंबर आणि गळ्याच्या खळग्यापासून बेंबीपर्यंतची लांबी. हे शेवटचे माप सर्वांत कामाचे, आणि ते कुठल्याच फॉर्मवर नसते.

शहरी पथकांसाठी एक वेगळी सूचना. पुण्यासारख्या शहरात गोळीइतकीच कोयत्याची आणि सुऱ्याची भीती असते. मऊ पॅनेल पिस्तुलाची गोळी अडवते म्हणून सुरा अडवेल असे समजू नये. टोकदार सुरा विणलेल्या धाग्यांच्या मधून सरकतो. सुऱ्यासाठी एनआयजेचे मानकच वेगळे आहे, 0115. दोन्ही हवे असेल तर दोन्हींवर तपासलेले पॅनेल मागावे आणि वजन थोडे वाढणार हे धरून चालावे.

आता सामान वाहण्याच्या साजाकडे. जॅकेटला शिवलेले, एक इंच रुंदीचे आडवे पट्टे आणि त्यांत ओवून लावायचे पाउच ही पद्धत आता सगळीकडे आहे. तिचा फायदा असा की पाउच कुठे लावायचा हे घालणारा ठरवतो. तोटाही तोच: जागा दिसली की पाउच लागतो. छातीवर मॅगझिनचे दोन-दोन थर लावले की माणूस पालथा झोपूच शकत नाही. जमिनीपासून सहा-सात इंच उंच राहतो आणि तेवढाच मोठा निशाणा बनतो. पुढे एकच थर ठेवावा. उजव्या हाताने गोळी झाडणाऱ्याची मॅगझिन डावीकडे, कारण मॅगझिन बदलणारा हात डावा. एके रायफलीचे मॅगझिन वाकडे असते, ते पाउचमध्ये सगळ्यांचे एकाच दिशेला वळलेले हवे. अंधारात, हातमोजे घालून बोटांना दिशा पाठ असावी लागते. पाउचचे झाकण वेल्क्रोचे असेल तर ते उघडल्याचा आवाज चाळीच्या बोळात दोन घरे ऐकू येतो. आणि कोकणातला पाऊस व विदर्भातली धूळ या दोन्हींत वेल्क्रो वर्षभरात सैल पडते. बकल किंवा लवचिक पट्टा त्यापेक्षा टिकतो.

शक्य तितके वजन खांद्यांवरून कमरेवर आणावे. आत एक वेल्क्रोचा पट्टा आणि त्यावर कडक बाहेरचा पट्टा अशी जोडी घेतली की पिस्तूल, दोन मॅगझिन आणि प्रथमोपचाराचा पाउच कमरेवर नीट बसतात आणि पळताना घसरत नाहीत. मांडीला लटकणारी होल्स्टर दिसायला रुबाबदार, पण जिन्यावर प्रत्येक पायरीला हलते आणि मांडीमागे फिरते. ती टाळावी. रायफलीचा दस्ता जिथे टेकतो त्या खांद्यावर जाड गादीचा पट्टा नको, दस्ता घसरतो आणि नेम सुटतो. जॅकेटची पाठीमागची वरची कड उंच असेल तर पालथे झोपल्यावर ती हेल्मेटला ढकलते आणि हेल्मेट डोळ्यांवर येते. म्हणून जॅकेट, हेल्मेट, पट्टा आणि रायफल वेगवेगळ्या निविदांत, वेगवेगळ्या वर्षी, एकमेकांशी न जुळवता घेऊ नयेत.

प्रथमोपचाराचा पाउच सगळ्या तुकडीत एकाच जागी हवा, समजा डाव्या कमरेला. आत टूर्निके (रक्तस्राव थांबवायला हाता-पायावर आवळायचा पट्टा), दाबपट्टी, रक्त थांबवणारे गॉझ आणि छातीच्या जखमेवर चिकटवायचे दोन सील. टूर्निके मात्र पाउचबाहेर, दोन्ही हात पोहोचतील अशा जागी, कारण जखम कुठल्या हाताला होईल सांगता येत नाही. जॅकेट मांडी, जांघ आणि काख झाकत नाही. मांडीतली मोठी धमनी फुटली तर मदतीला काही मिनिटेच मिळतात. ज्या खरेदीत जॅकेटवर हजारो रुपये जातात आणि टूर्निकेला पैसे उरत नाहीत, तिला संरक्षणाची खरेदी म्हणता येणार नाही.

झटकन उतरवायच्या जॅकेटांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. एक दोर ओढला की जॅकेटचे तुकडे सुटतात, ही सोय पाण्यात पडल्यावर किंवा जखमीचे जॅकेट काढताना जीव वाचवते. पण सुटलेले जॅकेट पुन्हा जोडायला वेळ लागतो आणि घाईत चुकीचे जोडले तर भिंत चढताना ते आपोआप सुटते. दोर बाहेर लोंबत असेल तर झटापटीत समोरच्याच्या हाताला लागतो. घ्यायचे असेल तर दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने ते ओढून, सोडून, स्वतः पुन्हा जोडून दाखवावे. तेवढा सराव होणार नसेल तर साधी बकल परवडली.

निवड कशी करावी? दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत किमतीचा लिफाफा उघडण्याआधी तांत्रिक लिफाफ्यात घालून पाहण्याची चाचणी असावी, आणि ती पास की नापास एवढाच निकाल असावा. नमुन्याचे जॅकेट तीन वेगळ्या मापांच्या माणसांना, त्यांत किमान एक महिला, पूर्ण साजासह आठ तास घालायला द्यावे. त्यांनी चार मजले चढावेत, गाडीत बसावे आणि उतरावे, पालथे पडून नेम धरावा, दहा वेळा मॅगझिन बदलावे, 70 किलोच्या सहकाऱ्याला जॅकेटच्या मागच्या हँडलने 25 मीटर ओढावे. हे एकदा दुपारी उन्हात आणि एकदा जॅकेट भिजवून. हँडलची शिवण ओढताना उसवली तर तिथेच नापास. सगळ्यात कमी दराचा नियम भ्रष्टाचार रोखायला आहे आणि तो असावाच. पण तो या चाचणीतून पार झालेल्यांपुरता असावा. अधिकारी पास करतील पण शिपाई घालणार नाहीत अशा मालाला ‘कमी दर’ म्हणणे म्हणजे सरकारचे पैसे स्टोअरच्या रॅकवर ठेवणे.

किमतीचाच विचार करायचा तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 2018 मध्ये लष्कराने 1,86,138 जॅकेटांचा करार 639 कोटी रुपयांना केला. एका जॅकेटला सुमारे 34 हजार रुपये. तो दर एवढ्या मोठ्या संख्येमुळे मिळतो. एखाद्या आयुक्तालयाने 24 जॅकेटे स्वतंत्र घेतली तर भाव चढा लागतो आणि त्यातली दोन गोळ्या मारून तपासायची म्हटली तर खर्च आणखी वाढतो, म्हणून तपासणीच टाळली जाते. उपाय असा: प्लेटा आणि मऊ पॅनेल राज्य पातळीवर एकत्र घ्यावीत, सगळ्या मापांत. कॅरिअर, पाउच, पट्टे मात्र प्रत्येक दलाने आपापल्या कामाप्रमाणे निवडावेत. प्रत्येक लॉटमधून चाचणीचे नमुने खरेदीदाराने स्वतः, कुठल्याही खोक्यातून उचलावेत. पुरवठादाराने निवडून दिलेला नमुना तपासणे म्हणजे मुलाने स्वतःच्या हाताने पेपर तपासण्यासारखे.

टिकाऊपणाचा धडा अमेरिकेने फार महागात शिकला. झायलॉन नावाच्या धाग्याची जॅकेटे हलकी म्हणून हजारो पोलिसांना दिली. 2003 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलिसाच्या अंगावरच्या अशा जॅकेटातून गोळी आरपार गेली आणि 2005 मध्ये झायलॉनच्या जॅकेटांचे प्रमाणपत्र काढून घेण्यात आले. धागा उष्णतेने आणि दमटपणाने कमकुवत होत होता. त्यानंतरच 0101.06 मध्ये मऊ जॅकेट 65 अंश तापमानात, 80 टक्के आर्द्रतेत दहा दिवस पिंपात सुमारे 72 हजार वेळा गरागरा फिरवून मग गोळी मारण्याची अट आली. मुंबई, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या हवेत जॅकेट वापरणाऱ्यांनी ही अट आग्रहाने मागावी. अरामिडचे, म्हणजे केव्हलारसारख्या धाग्याचे पॅनेल ओले झाले की गोळी अडवण्याची ताकद घटते, म्हणून ते पाणी न शिरणाऱ्या, चारही बाजूंनी चिकटवून बंद केलेल्या पिशवीत असते. त्या पिशवीला भोक पडले, शिवण सुटली, तर पॅनेल बाद. ते धुवायचे नाही, इस्त्री करायची नाही, हँगरला लटकवायचे नाही. ओल्या फडक्याने पुसून सावलीत सपाट ठेवायचे. कॅरिअर मात्र प्लेटा आणि पॅनेल काढून हाताने धुता येतो, आणि धुवायलाच हवा. घामाने कुबट झालेले जॅकेट कुणी आपणहून घालत नाही.

सिरॅमिक प्लेट हातातून फरशीवर पडली की आत तडा जाऊ शकतो. वरून कापड शाबूत, आत काच फुटल्यासारखी. बोटाने ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत भरवशाची नाही. साध्या एक्स-रेमध्ये तडा दिसतो. वर्षातून एकदा सगळ्या प्लेटांचा एक्स-रे काढणे ही काही मोठी चैन नव्हे. आणि प्लेट घालताना ‘ही बाजू पुढे’ असे लिहिलेली बाजू पुढेच हवी. उलटी घातलेली प्लेट ही दरवर्षी पकडता येण्यासारखी चूक आहे, फक्त तपासणीच्या वेळी जॅकेट उघडून पाहावे लागते.

चिलखताची हमी सहसा पाच वर्षांची असते. एका वर्षी शंभर जॅकेटे घेतली तर पाच वर्षांनी शंभरही एकाच दिवशी जुनी होतात आणि त्या वर्षी निधी नसतो. म्हणून दर वर्षी वीस घ्यावीत. मुदत संपलेली जॅकेटे निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून बाद करण्याच्या फायलीत अडकून पडू नयेत, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘वापरण्याजोगी’ म्हणून खालच्या पोलीस ठाण्यांना पाठवली जाऊ नयेत. काही नमुने गोळ्या मारून पाहायला ठेवावेत, म्हणजे आपल्या हवेत पाच वर्षांनी काय उरते ते कळेल. बाकीची पॅनेल कापून टाकावीत.

राहिली नोंद. 26/11 ला हेमंत करकरे यांनी घातलेले जॅकेट नंतर रुग्णालयातून गहाळ झाले. ते कसे होते, त्याने काय अडवले आणि काय नाही, हे प्रयोगशाळेत तपासता आले नाही. त्यांच्या कुटुंबाला माहितीच्या अधिकारात माहिती मागावी लागली आणि राज्याला त्या एका जॅकेटातून जे शिकता आले असते ते कायमचे हातचे गेले. हे पुन्हा होऊ नये यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रत्येक प्लेटवर आणि पॅनेलवर अनुक्रमांक आणि लॉट क्रमांक असतो. तो कुणाला, कुठल्या तारखेला दिला याची जडवस्तू नोंदवहीत नोंद व्हावी. गोळी लागलेले जॅकेट, माणूस वाचो वा न वाचो, हत्यारासारखेच मुद्देमाल म्हणून जप्त व्हावे. डॉक्टरांनी कापून काढले तर तुकड्यांसह. पंचनामा व्हावा, सीलबंद पिशवीतून ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जावे. अहवालाची एक प्रत पुढची निविदा लिहिण्याआधी खरेदी समितीच्या टेबलावर यावी, आणि जवान गेला असेल तर एक प्रत, न मागता, त्याच्या घरी पोहोचावी.